खाली बसवलेला पिकअप

पिकअप ट्रकची उंची मुद्दाम कमी करून त्याला जुन्या धाटणीची चाके बसवण्याची अमेरिकी हौस. हौशी मंडळींची लाडकी गाडी म्हणजे शेव्हरोले सी-१०, त्यातही १९६७ ते १९७२ ची. तिच्या मागच्या अ‍ॅक्सलला बहुधा कमानपाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंगा असतात. आखूड स्प्रिंग घातली की मागची बाजू बसते. पुढची स्प्रिंग ग्राइंडरने कापणे ही पळवाट झाली, गाडी मग खड्ड्यागणिक आपटते. जाणता मेकॅनिक स्पिंडलच बदलतो. नव्या स्पिंडलवर चाकाचा दांडा वर सरकवलेला असतो. त्यामुळे स्प्रिंगला हात न लावता गाडी सुमारे अडीच इंच उतरते. मागे फारच खाली आणल्यास अ‍ॅक्सल चासीला ठोकर देतो. म्हणून त्या जागी चासीला अर्धगोल खाच पाडून वर जाड पट्टी जोडतात.

चाकांमध्ये अमेरिकन रेसिंगचे पाच आऱ्यांचे टॉर्क थ्रस्ट आणि क्रोमचे क्रॅगर एसएस यांना मान. दोन्ही १९६० च्या दशकातली. जुना संच घेण्याआधी बोल्ट मोजावेत: १९७० पर्यंतच्या सी-१० ला सहा, १९७१ पासून पाच.

कॅलिफोर्नियात रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली असणे १९५० च्या दशकाअखेरीपासून गुन्हा होता. हायड्रॉलिक्स लावून पोलीस दिसताच गाडी उचलण्याची युक्ती त्यातूनच निघाली. हे कलम २०२४ च्या प्रारंभी रद्द झाले.