भट्टी दारात, विद्यापीठ दूर : पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातील धातुविद्येच्या शिक्षणाचा इतिहास

१/
चाकण म्हटले की इतिहासप्रेमींना संग्रामदुर्ग आठवतो. १६६० साली फिरंगोजी नरसाळा यांनी शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेविरुद्ध हा भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजवला. अखेर सुरुंगाने बुरूज उडाला आणि किल्ला पडला. आज त्याच चाकणभोवती मोटारींचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने उभे आहेत. पोलाद, ॲल्युमिनियम, रबर आणि प्लास्टिक तिथे रोज टनावारी आकार घेतात.

२/
या पट्ट्यातल्या विद्यार्थ्याला बारावीनंतर पदार्थ अभियांत्रिकी, म्हणजेच मटेरियल्स इंजिनिअरिंग शिकायचे असेल, तर त्याने कोणते विद्यापीठ निवडावे? प्रवेशाच्या मोसमात हा प्रश्न कटऑफ, क्रमवारी आणि पॅकेज यांच्या भाषेत विचारला जातो. पण पुण्याच्या परिसरात तो किमान १४० वर्षे जुना आहे. त्याच्या प्रवासाचा हा थ्रेड.

३/
आधी ही विद्या म्हणजे काय ते पाहू. गाडीतल्या गिअरचा दाता वरून कठीण हवा, नाहीतर झिजतो. आतून चिवट हवा, नाहीतर तुटतो. म्हणून गिअर ९०० अंश सेल्सिअसच्या वर, कार्बनयुक्त वातावरणात तापवून पृष्ठभागात कार्बन मुरवतात आणि मग तो तेलात झपाट्याने थंड करतात. गिअरचा आकार यंत्र अभियंता ठरवतो. पोलाद कोणते, तापमान किती, वेळ किती, हे सांगणारे शास्त्र वेगळे आहे.

४/
पुण्यात अभियांत्रिकी शिक्षणाची सुरुवात १८५४ साली ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ने झाली. रस्ते, पूल, कालवे आणि सरकारी इमारतींच्या कामांसाठी दुय्यम अधिकारी तयार करणे हा तिचा हेतू होता. याच संस्थेतून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ साली बाहेर पडले. स्थापत्यात तिने मोठी माणसे घडवली. मात्र धातूच्या अंतरंगाचा अभ्यास तिच्या उद्दिष्टांत नव्हता.

५/
याचे कारण वसाहतीच्या अर्थकारणात होते. रेल्वेचे रूळ, इंजिने आणि पुलांचे गर्डर बहुतांशी विलायतेहून तयार होऊन येत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून सुरू होता, पण त्याचे तांत्रिक निर्णय लष्कराच्या हाती होते. तयार माल बसवणारी माणसे साम्राज्याला इथे हवी होती. तो माल मुळात कसा घडतो, हे जाणणारी माणसे इथे तयार करण्याची त्याला निकड नव्हती.

६/
तेव्हा ज्याला ही विद्या हवी, त्याने समुद्र ओलांडायचा. १८८२ साली पुण्याचे केशव मल्हार भट अमेरिकेतील बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत दाखल झाले. तिथे शिकलेले ते पहिले भारतीय मानले जातात. त्याच दशकात पुण्याच्या ‘मराठा’ या इंग्रजी साप्ताहिकाने या संस्थेचा आदर्श वाचकांपुढे ठेवला. कारखानदारीला जोडलेले शिक्षण आपल्याकडे का नाही, ही बोच त्यामागे होती.

७/
या बोचेला सर्वांत अनोखे उत्तर चाकणच्या शेजारी, तळेगाव दाभाडे येथे मिळाले. अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंड’ची कल्पना मांडली होती : प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या रकमेतून स्वदेशी उद्योग उभा राहावा. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे होत. लोकमान्य टिळकांनी या चळवळीला पाठबळ दिले. या पैशांतून १९०८ साली तळेगावात काच कारखाना सुरू झाला.

८/
कारखान्याची सूत्रे मराठी माणसाकडे नव्हती. संयुक्त प्रांतातील ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे ती सोपवण्यात आली. काचेचे तंत्र शिकण्यासाठी ते आधी जपानला आणि मग एमआयटीला गेले होते. विद्यापीठ निवडताना त्यांच्यासमोर पदार्थ ठरलेला होता. काच हवी होती, म्हणून जिथे काच शिकता येईल तिथे ते गेले. आजच्या विद्यार्थ्याने हा क्रम लक्षात ठेवावा.

९/
तळेगावचा कारखाना शाळाही होता. वाळू, सोडा आणि चुना यांचे प्रमाण, भट्टीची आच, वितळलेला रस कधी उचलायचा, नळीने किती फुंकायचे, हे सारे भट्टीसमोर उभे राहून शिकायचे. इथे तयार झालेले कारागीर देशात इतरत्र काचकामासाठी गेले. वार्ष्णेय स्वतः पुढे आपल्या प्रांतात परतले आणि त्यांनी बहजोई येथे काच कारखाना उभारला. लोकांच्या पै-पैशातून पदार्थविद्येचे शिक्षण देण्याचा हा प्रयोग या परिसराच्या मातीत झाला.

१०/
पण कारागिरीला पदवीची जोड मिळायला वेळ लागला. भारतात धातुशास्त्राचा पहिला विद्यापीठीय विभाग १९२३ साली काशी हिंदू विद्यापीठात सुरू झाला. बंगालमध्ये शिवपूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९३९ मध्ये आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था १९४५ मध्ये या वाटेवर आली. तोवर पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यापुढे काशी, बंगाल किंवा परदेश एवढेच पर्याय होते.

११/
स्वातंत्र्यानंतर वर्षभरात चित्र बदलले. १९४८ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे आजच्या सीओईपीत, धातुशास्त्राचा विभाग सुरू झाला. पुणे विद्यापीठ त्यानंतर, १९४९ मध्ये स्थापन झाले. ज्या संस्थेने सुमारे नव्वद वर्षे प्रामुख्याने बांधकाम आणि यंत्रे शिकवली, तिने आता बांधकामाचा आणि यंत्राचा ‘जीव’ असलेला पदार्थ शिकवायला घेतला.

१२/
या विभागाच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांतच शिवाजीनगरपलीकडे, लोहमार्गाच्या कडेने एक नवे औद्योगिक जग उभे राहिले. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. दापोडीत सँडविक, चिंचवडला एसकेएफ, आकुर्डीला बजाज, पिंपरीत टेल्को अशी रांग लागली. टेल्कोचे अभियांत्रिकी संशोधन केंद्र पुण्यात १९६६ सालचे. शहराच्या पूर्वेला मुंढव्यात १९६१ साली भारत फोर्जची स्थापना झाली.

१३/
यातला जवळजवळ प्रत्येक कारखाना हा धातुशास्त्राचा एकेक धडा आहे. सँडविकच्या कटिंग टूलमध्ये टंगस्टन कार्बाइड. एसकेएफच्या बेअरिंगमध्ये सुमारे १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असलेले पोलाद. भारत फोर्जच्या क्रँकशाफ्टमध्ये सुमारे १,२०० अंशांवर तापवून दाबाखाली घडवलेले पोलाद, ज्यात धातूच्या तंतूंची दिशा भागाच्या आकाराबरोबर वळते आणि त्यामुळे तो ओतीव भागापेक्षा थकवा अधिक सोसतो.

१४/
इथे एक दरीही दिसते. भट्ट्या पिंपरी, चिंचवड, भोसरीत होत्या. धातुशास्त्राची पदवी शिवाजीनगरला, तीही मोजक्या जागांची आणि इंग्रजीतून. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने आणि आयटीआयने परिसरातल्या मुलांसाठी कारखान्याचे दार उघडले, आणि अनेक घरांना त्या पगाराने सावरले. पण भट्टी चालवणारा आणि भट्टीचे तापमान ठरवणारा, या दोन जागांमध्ये पदवीची भिंत राहिली.

१५/
दरम्यान राज्यात आणखी दोन वाटा तयार झाल्या. १९५८ साली सोव्हिएत साहाय्याने पवईला आयआयटी मुंबई उभी राहिली. १९६० साली नागपुरात विश्वेश्वरय्यांच्या नावाचे प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. तेच आजचे व्हीएनआयटी. पुण्यात शिकलेल्या अभियंत्याचे नाव विदर्भातल्या संस्थेला मिळाले. तिथे धातुशास्त्राच्या जोडीला खाणकामही शिकवले जाते, कारण नागपूर-भंडारा हा मँगनीजचा मुलूख आहे.

१६/
नाव का बदलले, हेही समजून घ्यायला हवे. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने धातूंबरोबर सिरॅमिक आणि पॉलिमर एकाच छताखाली आणून ‘मटेरियल्स सायन्स’ हे नाव रूढ केले. पुढे भारतातील विभागांच्या नावांतही ‘मटेरियल्स’ आले. पुण्यात त्यासाठी जमीन तयार होती : १९५० पासून पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आणि १९९० पासून इलेक्ट्रॉनिक्ससाठी लागणाऱ्या पदार्थांवर काम करणारी सी-मेट.

१७/
चाकणचा उदय याच टप्प्यावर झाला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बजाजचा, २००९ च्या सुमारास फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझचा आणि त्यापाठोपाठ महिंद्राचा कारखाना इथे सुरू झाला. हलकी गाडी कमी इंधन खाते, म्हणून ॲल्युमिनियम आणि उच्च ताकदीचे पातळ पोलाद आले. विजेवर चालणाऱ्या गाडीत इंजिन आणि क्रँकशाफ्ट उरत नाहीत. त्यांच्या जागी बॅटरीतले लिथियमचे संयुग, तांब्याची गुंडाळी आणि चुंबके येतात. वडिलांनी ज्या धातूवर आयुष्य काढले, त्यावर मुलाची नोकरी चालेलच असे नाही.

१८/
मग निवड कशी करावी? आयआयटी आणि व्हीएनआयटीला जेईईची वाट आहे. २०२२ पासून राज्याचे स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ झालेल्या सीओईपीला मुख्यतः राज्याच्या सीईटीची. गुण ही पहिली चाळणी, ती टळत नाही. पण इतिहास क्रमवारीच्या आधी वेगळे प्रश्न विचारायला सांगतो. कोणता पदार्थ शिकायचा आहे : धातू, सिरॅमिक, पॉलिमर की बॅटरीतील संयुगे? विभागात ओतकामाची आणि हीट ट्रीटमेंटची भट्टी चालू आहे की काचेमागे ठेवली आहे? सूक्ष्मदर्शकाखाली नमुना स्वतः घासून, चकाकवून पाहायला मिळतो का? शेवटच्या वर्षाचा प्रकल्प एखाद्या कारखान्याच्या खऱ्या अडचणीवर असतो का?

१९/
ज्या संस्थेकडे या प्रश्नांची उत्तरे आहेत ती क्रमवारीत दोन पायऱ्या खाली असली तरी विचारात घ्यावी. आणि ‘संगणक मिळाले नाही म्हणून मेटलर्जी’ असे म्हणत कोणी या शाखेत येणार असेल, तर त्याने आधी तळेगावचा इतिहास वाचावा. ज्यांनी भट्टी कधी पाहिलीही नव्हती, अशा माणसांनी ही विद्या इथे यावी म्हणून वर्षाला एक पैसा दिला होता.

२०/
१९०८ मध्ये त्यासाठी जपान आणि अमेरिका गाठावी लागली. आज आकुर्डीत लोकल पकडणारा विद्यार्थी अर्ध्या-पाऊण तासात शिवाजीनगरला उतरतो. ज्या पट्ट्यात घराच्या खिडकीतून फोर्जिंगच्या घणाचे आवाज येतात, तिथल्या मुलामुलींनी घणाखालच्या पोलादाचे शास्त्र शिकायला जावे, एवढे अंतर आता नक्कीच कापता येण्याजोगे आहे.

थ्रेड समाप्त.