विद्येचा परवाना

अमेरिकेचें दार हिंदी मनुष्यास १९१७ सालीं बंद झालें हें सर्वश्रुत आहे. परंतु त्या कायद्यांतच ठेवलेल्या फटीकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. वकील, वैद्य, रसायनज्ञ, शिक्षक, ग्रंथकार इत्यादिकांस त्या बंदींतून वगळलें होतें. मजुरास मज्जाव, विद्वानास प्रवेश! मात्र हा प्रवेश नागरिकत्वापर्यंत पोंचत नसे. भगतसिंग थिंद हे अमेरिकन सैन्यांत नोकरी केलेले गृहस्थ. तरी ते ‘गोरे’ नव्हेत, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९२३ सालीं दिला. १९४६ सालीं नागरिकत्वाचा हक्क मिळाला खरा, पण वर्षास वांटा अवघ्या १०० माणसांचा.

१९६५ च्या कायद्यानें राष्ट्रवार वांटे मोडले व कांहीं जागा व्यावसायिक आणि शास्त्रज्ञ यांच्यासाठीं राखल्या. आपल्याकडील पुष्कळ डॉक्टर व इंजिनियर याच वाटेनें गेले. १९९० च्या कायद्यानें नोकरीच्या आधारें मिळणारे परवाने वर्षास सुमारें १,४०,००० केले. त्यांत बायकामुलेंहि मोजलीं जातात. शिवाय कोणत्याही एका देशास शेंकडा ७ हून अधिक सहसा मिळत नाहींत. त्यामुळें अर्हता सिद्ध झालेला हिंदी इंजिनियर वर्षानुवर्षें रांगेंत राहतो, आणि त्याच पात्रतेचा लहानशा देशांतला मनुष्य त्याच्या आधीं आंत जातो.