करंजीचा नाताळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

डिसेंबर लागला, की मला माझा एक जुना अपराध आठवतो. अपराध तसा लहान, पण चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली तरी तो जात नाही.

मी तेव्हा चौथीत होतो. नगरमधल्या आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून एक ख्रिस्ती कुटुंब राहायचं. वडील शिक्षक, आई घर सांभाळून शिवणकाम करायची. तिला गल्लीतली सगळी पोरं मावशी म्हणायची. त्यांचा धाकटा मुलगा माझ्या वर्गात. एकदा गोट्या खेळताना आमचं भांडण झालं आणि मी त्याला म्हणालो, "तुमचा सण तर साहेबाचा. साहेब गेला, तुम्ही कशाला राहिलात?" हे वाक्य माझं नव्हतं. कुणा मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकलं होतं आणि खिशातल्या गोटीसारखं जपून ठेवलं होतं. तो काही बोलला नाही. गोट्या तिथंच टाकून घरात निघून गेला.

संध्याकाळी मावशी आमच्या दारात. मला वाटलं, आता तक्रार होणार आणि अम्मीचा मार बसणार. पण मावशी अम्मीला म्हणाली, "उद्या नाताळच्या करंज्या करायच्यात. हात कमी पडतात. याला पाठवा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं समोरासमोर पाटावर बसलो. मावशी पाऱ्या लाटायची. सारण खोबऱ्याचं, खसखस आणि वेलदोड्याचं. आम्ही कडा मुरडायच्या आणि झालेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायच्या. बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग मावशी लाटता लाटता सहज म्हणाली, "सांग बघू, ही करंजी कुठल्या साहेबाची?"

मला उत्तर आलं नाही. पण हा प्रश्न घेऊन मी पुढं पुष्कळ हिंडलो, जुनी पुस्तकं चाळली. आज तेच थोडं तुम्हाला सांगायचं आहे.

आमच्या शहराचं आणि जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. बोलताना आम्ही आपलं नगर म्हणतो. या नगरमध्ये नाताळ साहेबानं आणला, अशी सर्वसाधारण समजूत असते. इतिहास मात्र जरा वेगळं सांगतो.

अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनी १८३१ च्या डिसेंबरात नगरला ठाणं मांडलं. महिना डिसेंबरचा, म्हणजे आल्या आल्या त्यांनी थाटानं नाताळ केला असेल, असं आपल्याला वाटतं. पण ही माणसं कोणत्या मुलखातली होती ते पाहायला हवं. ती इंग्रज नव्हती. नगरचा किल्ला इंग्रजांनी १८०३ मध्ये घेतला होता, त्यांची छावणी इथं होती, पण ते वेगळे. या मिशनऱ्यांना पाठवणारी संस्था अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १८१० मध्ये निघालेली. तो सगळा टापू प्युरिटन वळणाचा. प्युरिटनांचं म्हणणं असं, की येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये दिलेली नाही, सण करा अशी आज्ञाही नाही. मग पंचवीस डिसेंबरला खाणंपिणं आणि धिंगाणा कशासाठी? मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली तसा कायदाच झाला होता. नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड! कायदा १६८१ मध्ये रद्द झाला, पण लोकांच्या मनातला कायदा पुढं दीडशे वर्षं टिकला. त्या राज्यात नाताळची अधिकृत सुट्टी सुरू झाली ती १८५६ मध्ये. म्हणजे नगरला मिशनचं ठाणं पडून पंचवीस वर्षं झाल्यानंतर.

तेव्हा ज्या साहेबाचा सण म्हणून मी मित्राला हिणवलं, त्या साहेबाच्या मूळ गावी तो सण जेमतेमच होता. पुढं अमेरिकाच बदलली, झाड आलं, भेटवस्तू आल्या, नंतरच्या मिशनऱ्यांबरोबर त्यातलं काही इकडंही आलं. पण तोवर इथल्या ख्रिस्ती घरांतून चुली पेटल्या होत्या, पोरं जन्मली होती, आणि पोरांना सण लागतोच. दिवाळीत शेजारच्या अंगणात पणत्या लागलेल्या आणि आमच्या गल्लीत ईदचा शीरखुर्मा शिजलेला; अशा वेळी आपलं मूल उंबऱ्यावर नुसतं बघत बसलेलं कोणत्या आईला पाहवेल? मला वाटतं, नगरचा नाताळ घडवला तो या आयांनी. सणाचं कारण नवं होतं. साहित्य मात्र घरातलंच होतं.

या आयांना अक्षरओळख होती, हेही महत्त्वाचं. सिंथिया फॅरार नावाची अमेरिकन शिक्षिका १८३९ मध्ये मुंबईहून नगरला आली आणि १८६२ मध्ये मरेपर्यंत इथंच मुलींना शिकवत राहिली. जोतीराव फुल्यांनी तिची शाळा पाहिली होती, सावित्रीबाईंचं शिक्षिकेचं प्रशिक्षण तिच्याकडं झालं. हा इतिहास आपण सावित्रीबाईंच्या निमित्तानं सांगतो आणि ते योग्यच आहे. पण त्या शाळांचा आणखी एक परिणाम घरातल्या घरात झाला. वाचता येणारी आई संध्याकाळी दिव्यापाशी बसून मुलांना बाळ येशूची गोष्ट मराठीतून वाचून दाखवू लागली. गोष्ट आईच्या भाषेत उतरली, की ती परकी राहत नाही.

भाषेचं म्हणाल, तर हा जिल्हाच त्या बाबतीत भाग्यवान. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. श्रीगोंद्याला शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला. माझ्यासारख्या माणसाला तो केवढा आधार वाटतो! आणि याच मातीत ख्रिस्ती माणसानं हातात चिपळ्या घेतल्या. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी एकोणिसाव्या शतकातच नगरला ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा सुरू केली. मग आले नारायण वामन टिळक. रत्नागिरी जिल्ह्यातले चित्पावन ब्राह्मण, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि मिशनच्या कामासाठी नगरला आले. त्यांना आपण फुलामुलांचे कवी म्हणतो. त्यांनी ख्रिस्ताला अभंगात बसवलं. साहेबी चालीवरची गाणी म्हणताना ज्यांची जीभ अडखळायची, त्यांना टिळकांचं भजन आपलं वाटलं. आजही मराठी चर्चमधून 'उपासना संगीत' उघडलं, की टिळक भेटतात.

पण या गोष्टीत मला टिळकांपेक्षा लक्ष्मीबाई जवळच्या वाटतात. नवरा ख्रिस्ती झाला, तरी या बाईनं आपलं सोवळं सोडलं नाही. एकत्र राहायला आल्यावरही पाणी वेगळं, चूल वेगळी. मग विचार करता करता एके दिवशी जातीची गाठ तिच्या मनातून सुटली, आणि १९०० मध्ये तिनं बाप्तिस्मा घेतला. तो काळ मोठ्या दुष्काळाचा. मिशनच्या वसतिगृहांतून पोरकी झालेली मुलं भरली होती, आणि टिळकांच्या घरातही परक्यांची मुलं आपली होऊन वाढत होती. पुढं बालकवी ठोंबरेही नगरला याच घरात राहिले. धर्म न बदलता, घरच्या मुलासारखे. 'स्मृतिचित्रे' वाचताना मला वाटतं, जिनं वेगळी चूल मोडली तिनंच सणाची खरी तयारी केली. कारण सण म्हणजे अखेर कुणाच्या हातचं कोण खातो, हाच प्रश्न असतो.

आता मावशीच्या घराकडं येऊ. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. पहिल्या रविवारपासून घराला चाहूल लागायची. भिंतींना चुना, भांड्यांना कल्हई, मुलांच्या कपड्यांसाठी एकाच ताग्यातलं कापड. मावशीच्या मशीनची खडखड रात्री आमच्या भिंतीतून ऐकू यायची. चिवडा, शंकरपाळी, लाडू, चकल्या. नानकटाईसाठी मैदा, तूप, साखर घेऊन आम्ही पोरं बेकरीत जायचो. बेकरीवाले चाचा आमच्यातलेच. ईदला आणि नाताळला त्यांची भट्टी सारखीच तापायची.

चांदणी करणं हे मुलांचं काम. बांबूच्या कामट्या, सुतळी, पतंगाचा कागद आणि घरी शिजवलेली खळ. मोरावियन पंथाच्या एका शाळेत १८३० च्या दशकात जर्मनीत मुलांना भूमिती शिकवताना कागदाची चांदणी तयार झाली, असं सांगतात. आमच्या गल्लीत ती दिवाळीच्या आकाशकंदिलाची धाकटी बहीण होती. दिवाळीचा कंदील उतरवायचा, त्याच्या कामट्या सोडवायच्या आणि त्याच पाच टोकांत बांधायच्या. वायर तीच, होल्डर तोच, बल्बही तोच.

गव्हाणी मात्र थाटानं व्हायची. येशूजन्माचा देखावा उभा करण्याची ही रीत संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीत सुरू केली, असं मानतात. आमच्याकडं तिच्यात ज्वारीचा कडबा असायचा आणि पोळ्याची मातीची बैलजोडी. बायबलमधले मेंढपाळ नगरच्या पोरांना समजावून सांगावे लागत नाहीत. धनगरांचे वाडे त्यांनी माळावर पाहिलेलेच असतात. रविवारच्या शाळेच्या नाटकात मेंढपाळांना खरी घोंगडी मिळायची. पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांचा मात्र प्रश्न पडायचा. एका वर्षी मावशीनं तो सोडवला. माझ्या आजोबांची शेरवानी आणि रुमी टोपी मागून नेली आणि आत मलाच उभं केलं. हातात अत्तराची कुपी. अम्मी शेवटच्या रांगेत बसून हसत होती.

त्याच दिवसांत मी आणि माझा मित्र पुन्हा एकदा भांडलो. माझ्या दादीनं मला बीबी मरियमची गोष्ट सांगितली होती. कुराणात मरियमच्या नावाचा एक अख्खा अध्याय आहे. त्यात हजरत ईसांचा जन्म खजुराच्या झाडापाशी होतो आणि मरियमसाठी झाडावरून पिकले खजूर खाली पडतात. मित्र म्हणे गोठा, मी म्हणे खजूर. प्रकरण मावशीकडं गेलं. तिनं दोघांचं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "आईला घरात जागा मिळाली नव्हती, हे दोघांनाही मान्य आहे ना? मग तेवढं लक्षात ठेवा." आणि हातावर एकेक लाडू ठेवला.

चोवीसच्या रात्री गाणाऱ्यांची फेरी निघायची. ढोलकी, झांजा, गळ्यात अडकवलेली पेटी. घराघरांपुढं थांबायचं, भजन म्हणायचं, चहा प्यायचा. लहान मुलं बापाच्या खांद्यावर झोपून जायची; पण सकाळी सगळ्यांना सांगायची, की आम्ही रात्रभर जागे होतो. पंचवीसला नवे कपडे, उपासना, मग घरोघरी फराळाची ताटं. क्रोशाच्या रुमालानं झाकलेली ती ताटं पोचवायची मुलांनीच.

या ताटाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. राहुरी, नेवासा, श्रीरामपूरकडच्या गावांतली पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबं महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून आलेली. धर्म बदलला, पण गावाची नजर लगेच बदलली नाही. हे ताट प्रत्येक उंबऱ्यावर घेतलं जात नसे. कुठं हसून नको म्हणत, कुठं घेत आणि खात नसत. आणि ताट नेणारं असायचं सात-आठ वर्षांचं मूल. नव्या कपड्यांतलं. ताट तसंच परत आणताना त्याला काय वाटलं असेल? माझ्या मित्राला हे ठाऊक होतं. म्हणून माझं ते वाक्य त्याला लागलं. मी साहेबाला नावं ठेवत होतो, असं मला वाटत होतं; प्रत्यक्षात मी ताट परत पाठवत होतो.

हे कळायला मला माझाच अनुभव उपयोगी पडला. माझ्या कविता छापून येऊ लागल्या, तेव्हा लोक कौतुकानं म्हणायचे, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसे. पण घरात दखनी आणि गल्लीत मराठी बोलत वाढलेल्या माणसाला त्या शाबासकीतला दरवाजा दिसतो. घरच्या माणसाला कुणी म्हणत नाही, की तुम्ही घरात किती छान राहता.

गेल्या नाताळच्या आधी मित्राच्या घरी गेलो होतो. आता घर नवं आहे, चांदणी प्लास्टिकची आहे, केक दुकानातून येतो. मावशी नाही. पण करंज्या घरीच होत होत्या. मित्राची चार वर्षांची नात पाटावर बसून कड मुरडत होती. मुरड नीट बसत नव्हती. मित्र म्हणाला, "अगं, अशी राहिली तर तेलात फुटेल." मी तिच्या शेजारी बसलो आणि बोटं धरून दाखवलं, आधी दाबायचं, मग वळवायचं. तिनं मला विचारलं, "तुम्हाला कुणी शिकवलं?"

म्हटलं, "तुझ्या पणजीनं." मित्रानं माझ्याकडं पाहिलं. चौथीतल्या त्या वाक्याबद्दल मी त्याची माफी कधी मागितलेली नाही. त्या दिवशी मागितली. तो म्हणाला, "कुठलं वाक्य?" त्याला ते आठवत होतं, हे मला त्याच्या तोंडावरून कळलं. मग त्यानं ओल्या फडक्याचं एक टोक उचललं आणि म्हणाला, "बोलत बसू नकोस. पाऱ्या वाळतायत."