नांदेड व लातूर जिल्ह्यांतील सायकलस्वारांची सुरक्षितता

नांदेड आणि लातूर या मराठवाड्यातील शेजारी जिल्ह्यांत सायकल हे प्रामुख्याने शाळकरी मुले-मुली, शेतमजूर व फिरते विक्रेते यांचे वाहन आहे. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमात निवडक तालुक्यांतील इयत्ता ८वी ते १२वीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल दिली जाते. गावातील शाळेचे वर्ग संपल्यावर पुढील शिक्षण अनेकदा सायकलीवरच अवलंबून असते. त्यामुळे सायकलस्वाराची सुरक्षितता हा शिक्षणाचाही प्रश्न आहे.

रस्ते व धोके

तुळजापूर, औसा, लातूर, अहमदपूर, लोहा व नांदेड यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ आणि नांदेडहून देगलूरकडे जाणारा क्रमांक १६१ हे येथील प्रमुख मार्ग होत. अशा मार्गांवर जड व वेगवान वाहनांच्या शेजारून सायकल चालवावी लागते. ऊस गाळपाच्या हंगामात मागील दिवा किंवा परावर्तक नसलेल्या बैलगाड्या व ट्रॅक्टर-ट्रॉल्या, तसेच रस्त्याच्या कडेला वाळत घातलेले धान्य यांमुळे धोका वाढतो.

दुखापतींचे स्वरूप

खरचटणे आणि मनगट किंवा गळपट्टीचे हाड मोडणे या नेहमीच्या दुखापती आहेत. मृत्यूचे प्रमुख कारण मात्र डोक्याची इजा हे असते. कॅरिअरवर बसलेल्या लहान मुलाचा पाय चाकाच्या तारांत अडकून टाच फाटते. ओढणी चाकात गुंतूनही अपघात होतात. हँडलचे टोक पोटात लागल्यास यकृत, प्लीहा किंवा स्वादुपिंडाला इजा होऊ शकते. बाहेरून फारशी खूण दिसत नसल्याने अशा मुलाला तपासून घेणे आवश्यक असते.

प्रतिबंध

भारतात सायकलस्वाराला शिरस्त्राणाची कायदेशीर सक्ती नाही. तथापि, अपघात झाल्यास शिरस्त्राणामुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका ६३ ते ८८ टक्क्यांनी घटतो, असे कॉक्रेन संस्थेच्या अभ्यास-आढाव्यात आढळले. चालू स्थितीतील ब्रेक, घंटी, पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक, फिकट रंगाचे कपडे आणि वाहतुकीच्या दिशेनेच डाव्या कडेने जाणे या गोष्टी उपयुक्त ठरतात. परंतु भरधाव वाहनाच्या धडकेपुढे शिरस्त्राण अपुरे पडते. म्हणून शाळांजवळ वेगमर्यादा व गतिरोधक, रुंद व मोकळ्या साइडपट्ट्या आणि स्वतंत्र सेवारस्ते यांची गरज असते.

प्रथमोपचार व कायदा

मानेला मार लागल्याची शंका असल्यास जखमीला अनावश्यक हलवू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उलटी, गुंगी किंवा कानानाकातून रक्त ही डोक्याच्या गंभीर इजेची लक्षणे होत. नांदेड व लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १३४-अ सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण देते. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा शोध न लागल्यास, १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनुसार मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये भरपाई मिळते. त्यासाठीचा अर्ज अपघातस्थळाच्या तालुक्यातील किंवा उपविभागातील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करावा लागतो.