जुनी एमजीबी घ्यायचीय? इंजिनाच्या आधी दरवाज्याखालचा पत्रा बघा

एमजी म्हटलं की आपल्याकडे डोळ्यासमोर येते हेक्टर. उंच, पाच माणसं आणि त्यांचं सामान पोटात घेणारी एसयूव्ही. पण ब्रिटनमध्ये साठीतल्या कुठल्याही गाडीवेड्या माणसापुढे एमजी म्हणा, त्याला आठवते ती बुटकी, दोन सीटची, टप उघडणारी एमजीबी.

एमजी म्हणजे मूळचं ऑक्सफर्डचं मॉरिस गॅरेजेस. आज हे नाव चीनच्या एसएआयसी कंपनीकडे आहे. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डन गावच्या कारखान्यातून पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या. त्यातल्या बहुतेक अमेरिकेत विकल्या गेल्या. एवढ्या गाड्या बनल्यामुळे झालं काय, तर आजही तिचे जवळपास सगळे पार्ट नवे मिळतात. म्हणूनच ब्रिटनमध्ये पहिली क्लासिक स्पोर्ट्स कार घेणाऱ्याला हमखास एमजीबीचं नाव सुचवलं जातं.

इथपर्यंत सगळं छान. गडबड होते ती गाडी बघायला गेल्यावर.

माणूस जातो, चकचकीत लाल रंग बघतो, क्रोमच्या बंपरमध्ये स्वतःचा चेहरा बघतो, बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो आणि पैसे देऊन मोकळा होतो. खरं तर या गाडीत इंजिन हा सगळ्यात कमी काळजीचा भाग आहे. १७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं हे बी-सिरीज घराण्यातलं इंजिन. याच घराण्यातलं १४८९ सीसीचं भावंड आपल्या अॅम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं होतं. म्हणजे दणकटपणा काय असेल ते वेगळं सांगायला नको. ते बिघडलं तरी दुरुस्त होतं. एकदा खर्च करायचा आणि विषय संपवायचा.

पत्र्याचं तसं नाही.

सिल म्हणजे काय आणि तिचा एवढा बाऊ का?

एमजीबीच्या आधीच्या एमजीएला खाली वेगळी चासी होती, त्यावर बॉडी बसवलेली असायची. एमजीबीमध्ये बॉडी हीच चासी. त्यात रोडस्टरला वर छप्पर नाही. मग गाडीचा पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवायचं मुख्य काम दरवाज्याखालून जाणाऱ्या दोन पोकळ पेट्या करतात. यांनाच सिल म्हणतात. बाहेरून दिसतो तो एकच पत्रा, आत आणखी थर असतात.

आता ब्रिटनचा हिवाळा आठवा. बर्फ जमू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारट पाणी चाकांवरून उडून या पोकळीत जातं आणि सिल आतून कुजायला लागते. बाहेर रंग शाबूत, आत चाळणी.

ही दुरुस्ती नीट करायची तर मडगार्डचा खालचा भाग कापून आतले थर बदलावे लागतात, कारण सिल मडगार्डच्या मागेपर्यंत गेलेली असते. दोन्ही बाजूंचं काम हजारो पौंडांवर जातं. म्हणून काही जण सोपा मार्ग काढतात. जुन्या गंजलेल्या सिलवरच नवा पत्रा वेल्ड करायचा, वर पुट्टी, वर रंग. बाहेरून काहीच कळत नाही. पण अपघात झाला तर ती पेटी गाडीला धरून ठेवत नाही. हा फक्त पैशाचा प्रश्न उरत नाही.

मग ओळखायचं कसं? आधी दरवाज्याभोवतीची फट बघायची. ती वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर चिंचोळी झाली असेल, तर गाडी मधून खचतेय. मग मालकाच्या परवानगीने सिलच्या जॅकिंग पॉइंटला जॅक लावायचा आणि गाडी उचलताना त्याच फटीवर नजर ठेवायची. फट मिटायला लागली, दरवाजा अडकायला लागला, तर सरळ घरची वाट धरावी. (जॅकवरच्या गाडीखाली मात्र जायचं नाही.) खिशात छोटं लोहचुंबक ठेवावं. जिथे ते चिकटत नाही, तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. आतला गालिचा उचलून तळ बघावा, सीटमागच्या बॅटरीच्या पेट्या आणि मागचे पाटे जिथे बॉडीला जोडलेत ती जागाही बघावी. मालक गालिचा उचलू देत नसेल, तर उत्तर मिळालंच.

कोरडी बॉडी हवी असेल तर अमेरिकेच्या कोरड्या राज्यांतून परत आणलेल्या गाड्या मिळतात. अगदीच झालं तर ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी १९८८ पासून एमजीबीची अख्खी नवी बॉडी बनवते. पण नुसत्या त्या सांगाड्याची किंमत दहा हजार पौंडांच्या वर जाते.

क्रोम की रबर?

१९७४ च्या शेवटी अमेरिकेच्या सुरक्षा नियमांसाठी एमजीबीला काळे रबराचे बंपर आले आणि गाडीची उंचीही वाढवली. शौकिनांनी नाकं मुरडली, ती आजतागायत. त्यामुळे रबर बंपरवाली गाडी स्वस्त पडते. टप पक्कं असलेली, मागे काच उघडणारी जीटी हीदेखील साधारणपणे रोडस्टरपेक्षा स्वस्त, आणि छपरामुळे जास्त भक्कम. पहिल्यांदा घेणाऱ्याने बंपरच्या रंगावर अडून कुजकी क्रोम गाडी घेण्यापेक्षा ठणठणीत रबरवाली घ्यावी. ओव्हरड्राइव्ह असेल तर उत्तमच, मोटरवेवर इंजिन जरा शांत चालतं.

कागद आणि टॅक्स

ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या गाडीला ऐतिहासिक वर्गात टाकलं की रोड टॅक्स शून्य. मोठे बदल केलेले नसतील तर दरवर्षीची एमओटी, म्हणजे फिटनेस तपासणीही सक्तीची नाही. लंडनच्या युलेझ प्रदूषण शुल्कातूनही ऐतिहासिक वर्गातल्या गाड्यांना सूट आहे. शेवटची एमजीबी १९८० ची, म्हणजे सगळ्याच बसतात.

यात एक मेख आहे. तपासणी सक्तीची नाही म्हणजे गाडी वर्षानुवर्षं कोणी खालून बघितलेलीच नसू शकते. गाडीचा नंबर टाकला की जुन्या एमओटीचे निकाल सरकारी साइटवर फुकट दिसतात. त्यात गंजाबद्दलचे शेरे वाचावेत, आणि सक्ती नसली तरी नवी एमओटी करून घ्यावी. आणखी एक, व्ही५सी हे नोंदणीपत्र मालकीचा पुरावा नसतं. पैसे दिल्याची पावती हवीच. विमा घेताना गाडीची किंमत आधीच ठरवून देणारी पॉलिसी बघावी.

गाडी घरी आली. पुढे?

पहिल्याच रविवारी लांब फिरायला निघायचा मोह टाळायचा. इंजिन ऑइल, ब्रेक फ्लुइड, कूलंट सगळं बदलायचं. टायरची नक्षी चांगली दिसली तरी बाजूवरचा चार आकडी कोड वाचायचा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. जुन्या हौशी गाड्या फार कमी चालतात, त्यामुळे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात. पुढच्या किंगपिनला ग्रीस मारायचं, ते न केल्यामुळेच ते खराब होतात.

पेट्रोलचं लक्षात ठेवायचं. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल ई१० आहे, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ते जुने रबरी पाइप खातं. म्हणून ई५ भरायचं आणि पाइप नवे टाकायचे.

चालवताना थंड इंजिनाला चोक ओढावा लागतो. ज्यांच्या घरी पद्मिनी होती त्यांना हे शिकवायची गरज नाही. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही, त्यामुळे पुढच्या गाडीपासून अंतर जास्त. १९६७ च्या आधीच्या गाडीत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, चालत्या गाडीत तो टाकला तर खर्रकन आवाज येतो.

आणि भारतात?

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांवरच्या व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. नव्याने नोंदणी केली तर फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं आणि नंबरमध्ये राज्याच्या अक्षरांपुढे व्हीए. एमजीबी रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेता येते. रोज ऑफिसला नाही.