अग्नीचं घराणं

हल्ली शाळेत मुलांना 'प्रोजेक्ट' देतात आणि ते आजोबांनी करायचे असतात. माझ्या नातवामुळे मी आतापर्यंत पेंग्विन, अष्टविनायक आणि पचनसंस्था या विषयांत तयार झालो. गेल्या महिन्यात विषय आला : 'भारताची लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे'. एका तक्त्यावर अग्नीचं सगळं कुटुंब मांडायचं. नाव, जन्मतारीख, पल्ला. मला वाटलं, सोपं आहे. आमच्या घराण्याची वंशावळ मी काढली आहे. त्यात एका पणजोबांची दोन लग्नं आणि तीन दत्तकविधानं आहेत. त्यापुढे अग्नी तो काय?

तो माझा गैरसमज होता.

वास्तविक अग्नीची आणि माझी ओळख जुनी. १९८३ साली सरकारने क्षेपणास्त्रांचा एकत्रित कार्यक्रम मंजूर केला आणि डॉ. अब्दुल कलाम यांच्याकडे सोपवला. पृथ्वी, अग्नी, त्रिशूळ, आकाश आणि नाग अशी पाच भावंडं एकदमच ठरली. त्याच साली आम्ही गिरगाव सोडून वाशीला राहायला आलो. त्या काळी वाशी म्हणजे नातेवाइकांच्या मते लांब पल्लाच. लोकल नव्हती. खाडीपुलावरून बस यायची, ती येईल तेव्हा. चाळीतल्या मंडळींनी आम्हांला असा निरोप दिला, की मला क्षणभर आपण काशीला निघालोत असंच वाटलं.

आमच्याकडे नेमाने येणारी एकच व्यक्ती, माझी आतेबहीण. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. तिसऱ्या वर्षी तिला पोलिओ झाला. दोन्ही पायांना पोलादी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि खाली जाड बूट. कॅलिपर म्हणतात त्याला. एकेक तीन किलोचा. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिन्यात 'खट्... खट्...' सुरू झालं की ही स्टोव्हवर चहाचं आधण ठेवायची. ताई दारात पोचेपर्यंत ते बरोबर उकळायचं. ताई शाळेत गणित शिकवायची आणि बसल्या जागी सगळ्या जगाचे हिशेब तपासायची.

तर १९८९ सालची गोष्ट. २० एप्रिलला ओरिसातल्या चांदीपूरहून अग्नी उडणार, असं जाहीर झालं. उडायला १४ सेकंद उरली आणि संगणक म्हणाला, 'थांबा'. मग १ मे ठरला. या वेळी १० सेकंद असताना पुन्हा 'थांबा'. झालं! सगळा देश हसायला मोकळा. अमूलच्या जाहिरातीनेही चिमटा काढला, की अग्नीला इंधन म्हणून आमचं लोणीच हवं. आमच्या घरी तर स्टोव्हला पिन लागली नाही की ही जाहीर करायची, "अग्नी पुढे ढकलला!" मीही ऑफिसात त्यावर चार विनोद केले. उशिरा पोचण्याची माझी स्वतःची परंपरा बघता मला तो अधिकार नव्हता. पण दुसऱ्याच्या फजितीवर हसायला अधिकार लागत नाही, एवढंच.

२२ मेच्या सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी अग्नी उडाला. उडाला तो उडालाच. रात्री दूरदर्शनवर बातम्या चालू होत्या आणि ताई आलेली होती. मी उत्साहाने सांगू लागलो, "ताई, हजार किलोचं ओझं हजार किलोमीटर नेऊन टाकणार, आहेस कुठे!" ताईने पायाचे पट्टे सैल केले, कॅलिपर भिंतीला टेकवून ठेवले आणि म्हणाली, "हजार किलो उचलतात होय रे? मग माझे सहा किलो कोण उचलणार, ते विचार त्यांना."

सगळे हसले. तीही हसली. मी बातम्यांचा आवाज वाढवला.

आता वंशावळीकडे वळतो. या पहिल्या अग्नीचा थाट आपल्या मध्यमवर्गीय संसारासारखा. खालचा टप्पा आला एसएलव्ही-३ या अग्निबाणाकडून, म्हणजे १९८० साली ज्याने रोहिणी उपग्रह सोडला त्याच्याकडून. वरचा टप्पा धाकट्या पल्ल्याच्या पृथ्वीकडून. खालचा घन इंधनाचा, वरचा द्रव इंधनाचा. थोरल्याचा सदरा आणि मामेभावाची विजार घालून मुंजीला बसलेला बटूच तो! पण नाक मात्र स्वतःचं होतं. क्षेपणास्त्र वर जातं ते वातावरणाच्या बाहेर. परत शिरताना हवेशी असं घासतं, की तापमान तीन हजार अंशांच्या घरात जातं. तिथे लोखंडाची काय कथा? मोठ्या देशांनी १९८७ मध्ये करार करून असलं सामान विकायचंच नाही असं ठरवलेलं. तेव्हा आपल्या लोकांनी कार्बनचे धागे कार्बनमध्येच बसवून एक पदार्थ घरी तयार केला. लोखंडापेक्षा कितीतरी हलका, आणि आगीला न भिणारा. बाहेर भट्टी, आत गारवा. हा पदार्थ वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे लागणार आहे.

दुसरी चाचणी १९९२ च्या मेमध्ये झाली, ती फसली. त्याच महिन्यात खाडीवरून वाशीला लोकल मात्र आली, त्यामुळे आम्ही नवी मुंबईकरांनी फारसं वाईट वाटून घेतलं नाही. १९९४ मध्ये तिसरी चाचणी साधली, आणि मग बरीच वर्षं घरात सामसूम.

पोखरणचे स्फोट झाले १९९८ मध्ये, आणि ११ एप्रिल १९९९ रोजी अग्नी-२ उडाला. पल्ला दोन हजार किलोमीटरच्या वर, दोन्ही टप्पे घन इंधनाचे, आणि रेल्वेच्या डब्यावरून सुटणारा. इथे नातवाने पेन थांबवलं. "आजोबा, मग अग्नी-१ कधी?"

"२५ जानेवारी २००२."

"म्हणजे एक नंबर दोन नंबरच्या नंतर झाला?"

मी म्हटलं, "बाळा, तू नव्या मुंबईत जन्मलास आणि हे विचारतोस? आपल्याकडे सेक्टरचे नंबर तरी ओळीने सापडतात का?" कारगिलनंतर जवळच्या, म्हणजे ७०० किलोमीटरच्या पल्ल्याचं क्षेपणास्त्र हवंसं वाटलं. ते आखूड म्हणून त्याला एक नंबर दिला. धाकट्याला थोरला म्हणायचं! आमच्या पणजोबांच्या दत्तकप्रकरणानंतर असा घोळ मी पहिल्यांदाच पाहिला.

अग्नी-३ हा अंगाने भरलेला. २००६ च्या पहिल्या उडीत समुद्रात पडला आणि २००७ मध्ये ३,००० किलोमीटरच्या पल्ल्याचं तेच क्षेपणास्त्र पुन्हा उभं राहून पास झालं. अग्नी-४ ची गंमत वेगळीच. आधी त्याचं नाव अग्नी-२ प्राइम. त्या नावाने २०१० मध्ये नापास झाला. नाव बदललं आणि २०११ मध्ये पास! प्रकल्प संचालक होत्या टेसी थॉमस. हे वाचल्यावर ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाईच्या हाती दिलं म्हणून पोचलं." २०१२ साली अग्नी-५ : ५० टन वजन, साडेसतरा मीटर उंची, पल्ला ५,००० किलोमीटरहून अधिक. मार्च २०२४ मध्ये त्याच्यावरून एकाच फेरीत अनेक अस्त्रं निरनिराळ्या ठिकाणी सोडण्याची चाचणी झाली. आणि शेंडेफळ अग्नी-प्राइम, जन्म २०२१. सप्टेंबर २०२५ मध्ये तेही रेल्वेगाडीवरून सोडून पाहिलं. सोडणाऱ्या यंत्रणा घडवण्यात पुण्याजवळच्या दिघीच्या संस्थेचा हात मोठा. थोडक्यात, अग्नीचं माहेर हैदराबाद, सासर ओरिसाचा किनारा आणि पाळणा आमच्या पुण्याचा.

सगळी चमत्कारिक मंडळी. रात्रंदिवस खपून, पन्नास टनांचं काम करायचं, आणि देवापाशी एवढंच मागायचं की हे कधी वापरावं लागू नये. एवढं लिहून तक्ता संपायला हवा होता.

पण मला एक संध्याकाळ आठवली. कलाम तेव्हा राष्ट्रपती होते. टीव्हीवर त्यांचं भाषण चाललं होतं. आपल्या आनंदाचे क्षण ते सांगत होते. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमधले एक हाडांचे डॉक्टर प्रयोगशाळेत आले, अग्नीसाठी केलेला तो हलका पदार्थ त्यांनी हातात घेतला आणि कलामांना धरून आपल्या वॉर्डात नेलं. तिथे तीन-तीन किलोचे कॅलिपर ओढत चालणारी मुलं होती. तीन आठवड्यांत प्रयोगशाळेने नवे कॅलिपर करून दिले. वजन ३०० ग्रॅम. मुलं पळायला लागली आणि आईबापांच्या डोळ्यांना पाणी आलं.

ताई सोफ्यावर होती. जिना चढून नुकतीच आलेली. तिने विचारलं, "किती म्हणाले?"

"तीनशे ग्रॅम."

"एकाचे?"

"एकाचे."

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने हिला म्हणाली, "वहिनी, तीनशे ग्रॅम म्हणजे केवढं गं?" हिने कांदा-बटाटा मार्केटातून आणलेल्या पिशवीतले तीन मध्यम बटाटे तिच्या तळहातावर ठेवले. ताई ते हात खालीवर करून बघत राहिली. मग दुसऱ्या हातासाठी आणखी तीन मागून घेतले.

मी म्हटलं, "ताई, आपण चौकशी करू या. पत्र टाकतो."

"आता पन्नाशीनंतर चाल बदलून काय करू? पडायची मी," ती म्हणाली. "पोरांना मिळू दे. पण अरे, हा कुठला अग्नी? कितवा?"

"पहिलाच. तो मागून आणलेल्या सामानाचा."

"म्हणजे ज्याला तुम्ही हसत होतात तो," ताई म्हणाली. मी लगेच बटाटे स्वयंपाकघरात नेऊन ठेवले.

तर नातवाच्या तक्त्यात मी शेवटी एक ओळ वाढवली : 'अग्नीचा आणखी एक प्रकार. वजन ३०० ग्रॅम. पल्ला : वॉर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.' बाईंनी त्या ओळीखाली लाल रेघ मारून 'विषयाला सोडून' असा शेरा दिला आणि एक मार्क कापला. दहापैकी नऊ. नातू माझ्यावर नाराज आहे. मी तो तक्ता ताईला नेऊन दाखवला. तिने चष्मा लावून आधी माझ्या बेरजा तपासल्या, मग तो लाल शेरा वाचला आणि पर्समधून पेन काढून कापलेला मार्क परत दिला.