कहाऊ, विंगेट आणि कॅमेरा

कॅमेरे हा माझा रोजचा धंदा, म्हणून ही गोष्ट मला फार आवडते. अटलांटिकमधल्या बर्म्युडाचा कहाऊ हा बिळात अंडी घालणारा समुद्रपक्षी. १६२० च्या दशकानंतर तो संपलाच, असं सगळे धरून चालले होते. आणि १९५१ मध्ये खडकाळ बेटांवर त्याच्या काही जोड्या सापडल्या! त्या शोधात पंधरा वर्षांचा डेव्हिड विंगेट होता. पुढे त्याने आयुष्यभर या पक्ष्यांसाठी सिमेंटची बिळं बांधली, उजाड नॉनसच बेटावर झाडं लावली. २००९ मध्ये तिथे जवळजवळ चारशे वर्षांनी पहिलं पिल्लू जन्मलं. मग बिळात इन्फ्रारेड कॅमेरा बसला. त्याचा उजेड पक्ष्याला दिसत नाही. अंड्यातून बाहेर येणारं पिल्लू मात्र जगाने घरबसल्या पाहिलं. पण कॅमेऱ्यासमोर पक्षी उरला तो थापी-कुदळीमुळे, हे आम्हा इंजिनिअरांनी विसरू नये.